वर्ष संपताना शाळेकडून येणाऱ्या सूचना: मेच्या आधी काय उरकायचं आणि जूनवर काय ठेवायचं?

मासुंदा
नमस्कार मंडळी,
आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, दोघंही एकाच अनुदानित मराठी शाळेत. वार्षिक परीक्षा संपत आल्या तशा शाळेच्या ग्रुपवर सूचना एकामागून एक येऊ लागल्यात. निकाल १ मेला झेंडावंदनानंतर, पालकांनी स्वतः यावं. वाचनालयाची पुस्तकं परत करा. आधार अपडेट करा. अपारचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकाचं संमतिपत्र द्या. चित्रकलेची प्रमाणपत्रं शोधून ठेवा. दहावीचे सुट्टीतले वर्ग अमुक तारखेपासून. बसचे पैसे भरा. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडेल, नक्की तारीख नंतर कळवू. मध्येच कुणाचं सुप्रभात, कुणी निकालाची वेळ पुन्हा विचारतं, आणि कामाची सूचना पार वर निघून जाते.

निकाल लागला की आम्ही देवगडजवळ गावी जातो ते जूनच्या पहिल्या आठवड्यात परततो. शाळेचं ऑफिस मेमध्ये मोजकेच दिवस उघडं असतं. म्हणून विचारते, यातलं काय आत्ता एप्रिलमध्येच करायला हवं आणि काय खुशाल जूनमध्ये केलं तरी चालेल? ज्यांची मुलं दहावी होऊन बाहेर पडली आहेत त्यांनी जरूर लिहा.

ऐरोलीची_आई
वाचनखूण साठवली. आमचीही नववीच.

कोपरखैरणेकर
वाचनालयाची पुस्तकं सगळ्यात आधी. आमच्या शाळेत पुस्तक बाकी असेल तर प्रगतिपुस्तक वर्गात देत नाहीत, ऑफिसात पाठवतात. आणि निकालाच्या दिवशी ऑफिसबाहेर जी रांग लागते ती सकाळी साडेआठच्या ठाणे स्टेशनच्या पुलासारखी, मागचे ढकलतील तेवढंच पुढे सरकायचं.

खडूफळा
मासुंदाताई, मी ठाण्यातच माध्यमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. तुमच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचं काम आलेलंच नाही, कारण शाळा त्याची सूचना सहसा काढतच नाही. ते म्हणजे जनरल रजिस्टरमधली तुमच्या मुलीची नोंद बघून घेणं.

मूल शाळेत दाखल होतं तेव्हा या रजिस्टरात त्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात-पोटजात लिहिली जाते. पुढे शाळा सोडल्याचा दाखला यावरूनच लिहितात. सरल आणि यूडायस प्लस या सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदींवर जी माहिती असते तीही इथूनच गेलेली असते. दहावीचं आवेदनपत्र साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन भरलं जातं आणि त्यात जे नाव जातं तेच गुणपत्रिकेवर, प्रमाणपत्रावर छापून येतं. त्यानंतर पासपोर्ट असो, नोकरी असो, लोक जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचंच प्रमाणपत्र पुढे करतात. एक वेलांटी चुकली तर ती आयुष्यभर सोबत राहते.

मूल शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्ती होऊ शकते. पालकाचा अर्ज, जन्मदाखला वगैरे पुरावे, मग मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यांच्या परवानगीशिवाय शाळेला रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. यात वेळ जातो. म्हणून नववीचा एप्रिल ही योग्य वेळ. मूल दाखला घेऊन बाहेर पडलं की हेच काम कितीतरी पटीने अवघड होतं.

उद्याच जा. ऑफिसातल्या बाईंना नम्रपणे म्हणा, मुलीची नोंद बघायची आहे. जन्मदाखला आणि आधार दोन्ही सोबत न्या, आणि एकेक अक्षर ताडून बघा.

पारसिक_वारा
खडूफळा मॅडमना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या भाचीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळंच छापून आलं. मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीला आहे, पण आपण थेट तिथे जाऊन काही होत नाही, प्रस्ताव शाळेकडूनच जावा लागतो. बहीण कळव्याहून शाळेत, शाळेतून वाशीला अशा फेऱ्या मारत होती, आणि नेमकी तेव्हाच अकरावीच्या प्रवेशाची धावपळ. आवेदनपत्रं भरल्यावर शाळा प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची छापील यादी दाखवून पालकांची सही घेते. ती सही करण्याआधी चष्मा लावून वाचा. बहुतेक पालक रिक्षा थांबवून ठेवल्यासारखे घाईत सही करून जातात.

घोडबंदर_प्रवासी
कागदपत्रं होतील हो. पण दहावीच्या तोंडावर मुलीला पाच आठवडे गावाला नेताय? आमच्या कासारवडवलीच्या शाळेत सुट्टीतल्या वर्गात बीजगणिताची दोन-तीन प्रकरणं आणि विज्ञानाचा एक भाग जवळजवळ निम्मा होतो. जूनमध्ये मागे राहिलेलं मूल पुढे दिवाळीपर्यंत धावतच राहतं. माझ्या मुलाला या वर्गांचा खूप फायदा झाला. मी तरी थांबा असंच सांगेन.

सेक्टर_नऊ
असहमत. पंधरा वर्षांच्या मुलीला मे महिन्यात आजी-आजोबांकडे जायला मिळणार नसेल तर कधी मिळणार? पुढच्या वर्षी परीक्षा मार्चमध्ये संपली तरी निकाल, अकरावी, क्लास यांत अख्खा उन्हाळा जातो. शिवाय ठाण्यातलं ऊन. दुपारी बारापर्यंत पत्र्याच्या शेडखालच्या वर्गात बसून पोरांच्या डोक्यात काय शिरणार?

घोडबंदर_प्रवासी
सेक्टर_नऊ, वर्ग सकाळी सात ते दहा असतात. आणि पत्र्याची शेड सगळीकडे नाही.

खडूफळा
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मी बरीच वर्षं हे वर्ग घेतले. सुट्टीत शिकवलेलं जूनमध्ये भरभर का होईना पुन्हा घ्यावंच लागतं, कारण निम्मी मुलं गावाला गेलेली असतात. तेव्हा मूल मागे पडेल ही भीती नको. पण गणिताच्या बाईंना विचारून घ्या की मेमध्ये कुठली प्रकरणं होणार आहेत. पुस्तक सोबत न्या, रोज सकाळी तासभर सोडवा. भूमितीतलं समरूपतेचं प्रकरण मात्र कुणीतरी समजावून सांगितल्याशिवाय एकट्याने वाचून नीट बसत नाही. ते पहिल्या आठवड्यात घेणार असतील तर तेवढे दिवस थांबून मग गावाला निघा, असं मी सांगेन.

मासुंदा
मॅडम, हे आवडलं. बाईंना उद्याच विचारते. रजिस्टरचं तर खरंच कुणी कधी सांगितलं नव्हतं.

वाचनवेडी
पुस्तकांवरून आठवलं. नववी-दहावीची पुस्तकं विकत घ्यावी लागतात. पहिली ते आठवीला अनुदानित शाळांत फुकट मिळतात ती सवय झालेली असते, म्हणून आधीच सांगते. दहावीची सध्याची पुस्तकं २०१८ पासूनची आहेत, त्यामुळे नुकतीच दहावी झालेल्या मुलांकडून घेतली तरी चालतात. नवीन अभ्यासक्रम तुमच्या वर्षी लागू होणार नाही ना, एवढं शाळेत विचारून मगच घ्या. आमच्या नेरूळच्या सोसायटीत दरवर्षी मेमध्ये जुन्या पुस्तकांची देवाणघेवाण होते. आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. गावाला जाताना मोबाइलवर उतरवून घ्या, दप्तराचं वजन वाचेल.

रेतीबंदर
आमच्या वेळी राम मारुती रोडवरच्या दुकानातून खाकी कव्हरं आणून घरातले सगळे जण रात्री बसायचे. बाबा कव्हरं घालायचे, आई स्टिकरवर नाव लिहायची. नव्या पुस्तकाचा तो वास... जाऊ दे, अवांतर झालं. :)

कोपरखैरणेकर
रेतीबंदर, अजिबात अवांतर नाही. आमच्याकडे अजूनही कव्हरं घालायचं खातं माझ्याकडेच आहे. मुलगा म्हणतो, बाबा, कोपरे तुमच्यासारखे कुणालाच जमत नाहीत.

बेलापूरचा_बाबा
मासुंदाताई, तुम्ही गावी जाताय हे उलट चांगलंच आहे. आरक्षणातून प्रवेश घेणार असाल तर जातीच्या दाखल्याचं काम याच मेमध्ये गावी करून या. (नसाल तर हा प्रतिसाद इतरांसाठी.)

जातीच्या दाखल्याला आपले पूर्वज एका ठरावीक तारखेला महाराष्ट्रात कुठे राहत होते याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा आजोबांचा किंवा पणजोबांचा कागद हवा, म्हणजे प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा, दाखला, किंवा गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद. नवी मुंबई तेव्हा वसलेलीच नव्हती. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचा हा कागद सातारा, सिंधुदुर्ग, जळगाव, असा कुठेतरी गावाकडेच असतो.

अडचण एवढीच की गावची जिल्हा परिषद शाळाही मेमध्ये बंद असते. तेव्हा आत्ताच गावातल्या कुणाला तरी मुख्याध्यापकांशी बोलायला लावा. सुट्टी लागायच्या आत आजोबांचं नाव रजिस्टरात शोधून ठेवलं तर उतारा वेळेत मिळतो. तहसील कार्यालय मेमध्ये चालू असतं, नमुना १४ ची नक्कल तिथल्या अभिलेख कक्षातून मिळते. आमच्या आजोबांची नोंद मोडी लिपीत निघाली. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलं तेव्हा काम पुढे सरकलं. आजोबांचं नाव त्या जुन्या शाईत बघून माझ्या वडिलांच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

ऐरोलीची_आई
बेलापूरचा_बाबा, फार उपयोगी माहिती. नॉन क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला पण आत्ताच काढून ठेवू का?

बेलापूरचा_बाबा
नववीत असाल तर थांबा. दोन्हींची मुदत ३१ मार्चला संपते, आता काढलेला दाखला पुढच्या वर्षी अकरावीच्या वेळी उपयोगी पडेलच असं नाही. जातीचा दाखला मात्र एकदाच काढायचा, तो कायमचा. ज्यांची मुलं आत्ता दहावी देऊन बसली आहेत त्यांनी नवीन आर्थिक वर्ष सुरू झाल्याबरोबर अर्ज करा. निकालानंतर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. घरबसल्या आपले सरकारच्या संकेतस्थळावरूनही अर्ज होतो.

खारघर_हिल
आम्ही खारघरला राहतो, मुलगी बेलापूरच्या शाळेत. उत्पन्नाचा दाखला ठाण्याहून काढायचा का?

पारसिक_वारा
नाही. खारघर पनवेल तालुक्यात, रायगड जिल्हा. तुमचं काम पनवेल तहसीलमधून होईल. ऐरोली ते बेलापूर ठाणे तालुक्यात येतं, म्हणून वाशी-नेरूळवाल्यांना ठाणे तहसील. शाळा कुठे आहे ते बघत नाहीत, राहता पत्ता बघतात.

सेक्टर_नऊ
कुणी पाचवीबद्दल बोललंच नाही. धागाकर्तीचा मुलगा पाचवीत आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, पास होण्यासाठी विषयाला ३५ टक्के लागतात. कमी पडले तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, आणि तीही नाही जमली तर त्याच वर्गात बसावं लागतं. २०२३ च्या शेवटी नियम बदलला, पण अजून पुष्कळ पालक "आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही" असंच धरून चालतात. निकाल घ्यायला स्वतः जाणं यासाठी महत्त्वाचं. फेरपरीक्षा असेल तर तारीख त्याच दिवशी विचारून या आणि गावाहून परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

मासुंदा
मुलाचा अभ्यास ठीक आहे, पण हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. तुतारी एक्सप्रेसचं परतीचं तिकीट ५ जूनचं आहे, म्हणजे तशी वेळ आली तरी निभेल.

येऊरवाटा
चित्रकलेच्या सूचनेकडे दुर्लक्ष करू नका. इंटरमिजिएट परीक्षेची श्रेणी असेल तर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३. शास्त्रीय नृत्य, गायन, लोककला, खेळ यांचेही गुण असतात. पण प्रमाणपत्र वेळेत शाळेत गेलं तरच. आमच्याकडे प्रमाणपत्र पाहुण्यांना दाखवायला म्हणून फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, ते उतरवून, फ्रेम खोलून झेरॉक्स काढावी लागली. :)

ऐरोलीची_आई
अपारचं संमतिपत्र द्यायलाच हवं का? आमच्या ग्रुपवर यावरून मोठी वादावादी झाली.

पारसिक_वारा
संमतीवर आधारलेलं आहे, पालकांच्या सहीशिवाय शाळा पुढे जाऊ शकत नाही. १२ अंकी क्रमांक असतो, गुणपत्रिका वगैरे डिजिलॉकरला जोडायची सोय. मी सही दिली, माझ्या मित्राने नाही दिली. दोघांचीही मुलं शाळेत जातायत. अडतं ते दुसरीकडेच. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही तर अपार तयारच होत नाही. म्हणजे पुन्हा खडूफळा मॅडमच्या रजिस्टरवर आलो.

कोपरखैरणेकर
आधारचं सांगतो. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात. लहानपणीच्या ठशांवर पुढे ओळख पटत नाही. हे काम पोस्टात होतं, गावाकडच्या पोस्टातही केंद्र असेल तर तिथे गर्दी कमी. जूनवर ढकलू नका, शाळा उघडल्यावर सगळं गाव तिथेच असतं.

रेतीबंदर
बसच्या पैशांचं काय? आमच्याकडे मेचेही पूर्ण पैसे मागितलेत. महिनाभर बस उभी!

घोडबंदर_प्रवासी
२०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि त्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. भाडं, थांबे हे तिथेच ठरवायचं असतं. बसवाल्याशी भांडू नका, वर्षभर मूल त्याच्याच हाती असतं. चालकाला मेमध्येही घर चालवायचं असतं हेही लक्षात घ्या. समितीत विषय मांडा. आम्ही मांडला, तेव्हा मेचं निम्मं भाडं ठरलं आणि दोन्हीकडचे खूश झाले.

वाचनवेडी
याच ओघात खासगी विनाअनुदानित शाळांच्या पालकांसाठी. शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत पालकांची निवड सोडतीने होते. जूनमध्ये सूचना आली की नाव द्या. "आपलं कुठे येणार" म्हणून कुणी नाव देत नाही आणि मग शुल्कवाढीवर सगळे ग्रुपवर बोलत बसतात.

सेक्टर_नऊ
आठवीला एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती मिळालेली मुलं असतील तर एक आठवण. वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळतात, पण पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. दहावीला ६० टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५५), आणि अकरावीला शासकीय किंवा अनुदानित ठिकाणीच प्रवेश घ्यावा लागतो. माझ्या शेजारच्या मुलीने याच कारणासाठी चकचकीत इमारतीचं कॉलेज सोडून ठाण्यातलं जुनं अनुदानित कॉलेज घेतलं. तिची आई घरकाम करते. त्या पैशांत मुलीचा पास आणि पुस्तकं निघतात.

खारघर_हिल
सेक्टर_नऊ, हे वाचून बरं वाटलं. आमची आत्ता दहावी देऊन बसली आहे. अकरावीचं थोडक्यात कुणी सांगेल का?

बेलापूरचा_बाबा
२०२५ पासून अख्ख्या राज्याची प्रक्रिया एकत्र ऑनलाइन. फॉर्मचे दोन भाग, दुसऱ्यात १० पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जिथे मुलगी रोज खरोखर जाणार आहे. मेमध्ये एकदा सकाळच्या वेळी खारघरहून त्या कॉलेजपर्यंत लोकलने जाऊन या. नकाशावर जवळ दिसतं, पण नेरूळला किंवा वाशीला गाडी बदलून जाताना कळतं. विद्यार्थी सवलतीच्या पासला कॉलेजच्या शिक्क्याचा फॉर्म लागतो, तो पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

मासुंदा
मंडळी, आज शाळेत जाऊन आले. ऑफिसातल्या बाईंनी रजिस्टर लगेच काढून दाखवलं, चांगल्या बोलल्या. जन्मतारीख, जन्मस्थळ बरोबर आहे. आमच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात मात्र आधारवर डब्ल्यू आणि सरलवर व्ही निघालं. शिवाय रजिस्टरात माझं माहेरचं नाव आहे, जन्मदाखल्यात लग्नानंतरचं. अर्ज तिथेच लिहून दिला, जन्मदाखल्याची प्रत जोडली. मुख्याध्यापक म्हणाले, स्पेलिंग आम्ही दुरुस्त करून घेतो, आईच्या नावाचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागेल, सुट्टीच्या आत पाठवतो.

गणिताच्या बाई समरूपता पहिल्याच आठवड्यात घेणार आहेत. त्यामुळे मुलगी आणि तिचे बाबा आठ दिवस मागे राहतील, मी धाकट्याला घेऊन पुढे जाते. मुलगीच म्हणाली, चालेल. आधार आम्ही देवगडच्या पोस्टात करू. बसचं जूनमध्ये.

कोपरखैरणेकर
वा! देवगडला जाताच आहात तर येताना एक पेटी आमच्यासाठीही. :)

खडूफळा
फार छान झालं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतलीत ना? नसेल तर शाळा चालू आहे तोवर उद्याच घेऊन या. माहेरच्या आणि सासरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद मागतील, त्याची साक्षांकित प्रत आत्ताच जोडून टाका, म्हणजे प्रस्ताव त्रुटी काढून परत येणार नाही. जूनमध्ये शाळा उघडली की त्याच आवक क्रमांकावरून चौकशी करा.

मासुंदा
शिक्का आहे, क्रमांकही आहे. विवाह नोंदणीचा दाखला कपाटातून काढला, उद्या सकाळी दहाला देऊन येते.